येते म्हणायचं असतं

आमचा दवाखाना फक्त मांजरांचा. तारनाक्याला, मेन रोडपासून दोन गल्ल्या आत. बाहेरच्या बोर्डावर तेलुगू, उर्दू, इंग्रजी तिन्ही भाषांत लिहिलंय, वर मांजराचं एवढं मोठं चित्र आहे, तरी कुणी ना कुणी कुत्रं घेऊन येतंच. मी काउंटरवरनं उठून त्यांना दारातच थांबवते. छोटंच आहे मॅडम, काही करत नाही, असं म्हणतात. अरे बाबा, ते काही करत नसेल, पण आत बसलेल्या मांजरांना ते कोण सांगणार? मग मी माझे हात दाखवते. कोपरापर्यंत नुसते ओरखडे. ते बघितले की मुकाट परत फिरतात.

मी रेणू. काउंटर माझं, फोन माझा, मागच्या खोलीत राहायला ठेवलेल्या मांजरांचं खाणंपिणं माझं, आणि इंजेक्शनच्या वेळी मांजर धरायचं तेही माझंच. डॉक्टर म्हणजे आमच्या मेधा मॅडम, पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आल्या. माझं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून सुरुवातीला हसायच्या. आता त्यांच्या तोंडातनंही 'हौ' निघतं, मी काही बोलत नाही.

मांजरवाली माणसं म्हणजे एक तऱ्हाच असते. पोटच्या पोराला ताप असला तर चार दिवस घरीच गोळी देतील, मांजर दोनदा शिंकलं की रिक्षा करून पळत येतील. नावं तरी काय, कोको, मफिन, लिओ. आणि बास्केटवर टॉवेल टाका, झाकलं की मांजर गप्प राहतं, हे किती वेळा सांगितलं तरी उघडीच आणतात. मग त्या कोकोचं आणि मफिनचं भांडण सोडवत बसायचं मी.

तारामतीआक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या बास्केटवर टॉवेल होता. तेवढ्यावरच मला त्या आवडल्या. वय सत्तरीकडं झुकलेलं, कॉटनची साडी, केस घट्ट बांधलेले. मी नाव विचारलं. म्हणाल्या, पॅसेंजर. मला वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं म्हणलं, मांजराचं नाव सांगा. त्या शांतपणे म्हणाल्या, मांजराचंच सांगितलं, माझं तारामती.

पॅसेंजर का, तर ती मांजर चालताना दर चार पावलांवर थांबायची. घर ओलांडायचं तरी दहा ठिकाणी हॉल्ट. गल्लीतलीच, पट्ट्यापट्ट्याची, गावठी. एका दुपारी काचीगुड्याला आक्कांच्या दारात येऊन बसली आणि पुढं गेलीच नाही. इथंच उतरायचं होतं तिला, असं आक्का म्हणायच्या.

आक्का बोलायला लागल्या की वाट बघत बसलेली माणसं माना वर करायची. आवाजच तसा. काय की, कुठंतरी ऐकलाय असं सगळ्यांना वाटायचं. ऐकलेलाच होता. रेकॉर्डिंग यायच्या आधी काचीगुडा स्टेशनात माइकवर आक्काच असायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली येते, कुठली जाते, सारी उमर तेच सांगितलं. तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत. घर मराठी, दोन पिढ्यांमागं परभणीकडनं आलेलं, पण मराठीत एक अनाउन्समेंट करायला मिळाली नाही, ही एक खंत होती त्यांना. मनमाडकडं जाणाऱ्या गाडीची तरी मराठीत करू द्या म्हणून त्यांनी साहेबाला विचारून बघितलं होतं. साहेब हसला म्हणे.

लग्न केलं नाही. भावाची बायको बाळंतपणात गेली, तान्हं पोर आक्कांच्या पदरात पडलं. तो हर्षवर्धन. त्याला वाढवता वाढवता यांचं राहून गेलं. मी एकदा आगाऊपणानं विचारलंच, कामून नाही केलं लग्न? तर हसल्या. म्हणाल्या, दुसऱ्यांच्या गाड्या सांगता सांगता माझी कधी सुटली, कळलंच नाही बघ.

त्यांची एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय. त्या दिवशी मॅडमला ऑपरेशनला वेळ लागत होता, बाहेर लोक ताटकळलेले, कुरकुर चाललेली. मी आपली मान खाली घालून काउंटरवर. आक्का उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, जा, सांग त्यांना की अजून एक तास लागंल. मी म्हणलं, चिडतील. तर म्हणाल्या, "लोक उशिरावर चिडत नाहीत गं. कुणी सांगत नाही, त्याच्यावर चिडतात. येणार नसंल गाडी तर येणार नाही म्हणून सांगावं. माणूस दोन घटका रडंल, पण घरी तरी जाईल." मी उठून सांगितलं. निम्मे चहाला गेले, निम्मे घरी जाऊन आले. कुरकुर थांबली.

मग आक्कांना ते दुखणं निघालं. पोटात. किमो सुरू झाली सिकंदराबादच्या दवाखान्यात. दर वेळी दोन-तीन दिवस तिथं राहावं लागायचं, म्हणून पॅसेंजर आमच्या मागच्या खोलीत राहायला यायची. आक्का स्वतः रिक्षानं घेऊन यायच्या. पिंजऱ्यात आपला जुना गाऊन अंथरायच्या, वास ओळखीचा राहतो म्हणून. मग वाकून तिच्या कपाळाला कपाळ लावायच्या आणि अगदी माइकवर सांगितल्यासारखं सांगायच्या, येते हं पॅसेंजर, शुक्रवारी. आणि शुक्रवारी यायच्याच. तोंड पांढरंफटक, डोक्याला रुमाल, पाय लटपटतायत, पण यायच्या. त्यांचा आवाज काउंटरवर आला की मागनं पॅसेंजर ओरडायला लागायची. एरवी तोंडातनं आवाज न काढणारी मांजर.

एका शुक्रवारी आल्या नाहीत. माझा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी फोन आला, ताप चढलाय, सोडत नाहीत. आणि म्हणाल्या, फोन तिच्या कानाला लाव. मला हसूच आलं. पण नेला फोन मागच्या खोलीत, स्पीकर चालू केला, पिंजऱ्याच्या जाळीला लावला. आक्कांनी खाकरून घसा साफ केला.

"पॅसेंजर, कृपया लक्ष द्या. काचीगुड्याहून येणारी तारामती एक दिवस उशिरानं येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

पॅसेंजरचा एक कान फोनकडं वळला, एकच. ती उठली, गाऊनवर गोल फिरली आणि आडवी झाली. मी फोन बंद करायला गेले तर आक्का पलीकडनं म्हणाल्या, झाली बघ रेणू, मराठीत पहिली अनाउन्समेंट. आवाजात ताप होता, पण खूश होत्या. मी नंतर मॅडमला सांगितलं तेव्हा दोघी हसलो आणि दोघींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी आक्का आल्या.

तीन-चार महिने असं चाललं. मग डॉक्टरांनी हात टेकले. किमो बंद. हर्षवर्धन पुण्याहून आला, आत्याला घेऊन जातो म्हणाला. चांगला मुलगा आहे, उगाच नावं ठेवणार नाही मी. पण त्याच्या घरात लहान मुलगी, तिला दम्याचा त्रास, मांजर चालत नाही. आक्कांनी एका शब्दानं त्याला अडचणीत टाकलं नाही. त्यांनी मला विचारलं, रेणू, ठेवशील? मी म्हणलं, हौ. मॅडम म्हणाल्या, ती दवाखान्याचीच होऊन राहील, पिंजरा नको की काही नको.

निघायच्या दिवशी आक्का आल्या. हर्षवर्धन बाहेर गाडीत थांबलेला. मागच्या खोलीपर्यंत मी हाताला धरून नेलं, काही वजनच उरलं नव्हतं त्या हाताला. त्यांनी गाऊन अंथरला. त्याच्या सुरकुत्या काढत बसल्या, जरा जास्तच वेळ. मग कपाळाला कपाळ लावलं. मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते.

"जाते गं पॅसेंजर," म्हणाल्या.

माझ्या काळजात धस्स झालं. आणि काळजात धस्स झालं की मला रडू येत नाही, राग येतो. आपल्यात कुणी उंबऱ्यातनं निघताना जाते म्हणतं का? भाजी आणायला निघालं तरी येते म्हणतात. मी चिडून म्हणलं, "आक्का, असं नक्को बोलू. येते म्हणायचं असतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला येते म्हणते ना. येते गं रेणू. तुला कळतंय खरं काय ते." मग त्यांनी पॅसेंजरच्या पाठीवर हात ठेवला. "तिला मी कधी खोटं सांगितलं नाही. येते म्हणलं तर वाट बघत बसंल."

मी बाहेर येऊन काउंटरवर उभी राहिले. गाडी गेली. आत कुणाचा तरी मफिन रडत होता, फोन वाजत होता, मी काही उचलला नाही.

आणि मांजराला काय कळतंय येते काय अन् जाते काय! शुक्रवार आला तशी ती मागच्या खोलीतनं निघाली, दर चार पावलांवर थांबत थांबत काउंटरपर्यंत आली आणि काचेच्या दारासमोर बसली. शनिवारीही बसली. मग रोजच. दार उघडलं की मान वर, परकं माणूस दिसलं की मान खाली. येणारे-जाणारे तिला ओलांडून जायचे. काही दिवसांनी खाणं सोडलं. मांजरानं खाणं सोडलं की लिव्हरवर येतं, मॅडम घाबरल्या. मी सिरिंजनं पातळ करून भरवायला लागले. अर्धं माझ्या अंगावर, अर्धं तिच्या पोटात. मी तिच्यावर ओरडायचे, सांगून गेलीय ना तुला, जाते म्हणून स्पष्ट सांगून गेलीय, आता काय बघतेस? मग तिचं तोंड पुसायचे आणि परत तिला दारासमोर ठेवायचे, कारण दुसरीकडं ठेवलं तरी ती चालत तिथंच यायची.

पुण्याला मी फोन करायचे. आक्का दोन वाक्यं बोलायच्या, दम लागायचा. पॅसेंजर जेवते का, विचारायच्या. मी म्हणायचे, जेवते आक्का, भरवलं की जेवते. पुढं पुढं फोन हर्षवर्धनच घ्यायला लागला, झोपलीय म्हणायचा.

परवा गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आत्या सकाळी गेली, म्हणाला. मी तोंडाला पदर लावला. वाटलं, आता ठेवेल फोन. पण तो बोलतच राहिला, लहान पोरासारखा, एकात एक वाक्य मिसळत. शेवटी शेवटी तिला भान नसायचं. सारखं पॅसेंजर कुठाय विचारायची. नाही म्हणवेना ताई माझ्याकडनं. मी म्हणालो, आणतो तिला, शनिवारी आणतो. तिला बरं वाटावं म्हणून.

मग तो थांबला. पलीकडं कुणीतरी भांडी आवरत होतं, त्याचा आवाज येत होता.

"ताई, त्यानंतर ती दाराकडंच बघायची," तो म्हणाला. "बेल वाजली की मान वळवायची. आज सकाळी पण तिचे डोळे दाराकडंच होते."

माझ्या तोंडात शिवी आली होती, गिळली. काय बोलणार त्याला? आईच ती त्याची. कुठला मुलगा मरणाऱ्या आईला नाही म्हणेल? शनिवारी मी खरंच येणार होतो ताई, तुम्हाला फोन करून मांजर तयार ठेवा म्हणणार होतो, असंही तो म्हणाला. असेल खरं. मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पण अख्खा जन्म जी बाई दुसऱ्याला ताटकळावं लागू नये म्हणून जपत आली, गाडी येणार नसेल तर येणार नाही म्हणून सांगा म्हणाली, तिला शेवटी कुणी सांगितलंच नाही. ती फलाटावरच राहिली. ह्याचं मला इतकं वाईट वाटतंय की कुणाला सांगून कमी होत नाही.

फोन ठेवून मी काउंटरच्या बाहेर आले. दोन-तीन माणसं बास्केटी मांडीवर घेऊन बसली होती. पॅसेंजर आपल्या जागेवर, दारासमोर. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. ती माणसं बघत होती, बघू दे. मी घसा साफ केला.

"पॅसेंजर, कृपया लक्ष द्या," मी म्हणलं. "काचीगुड्याहून येणारी तारामती येणार नाही."

तिचा एक कान माझ्याकडं वळला, एकच. तोंड दाराकडंच राहिलं. गैरसोयीचं वाक्य अजून बाकी होतं, पण ते माझ्याकडनं काही म्हणवलं नाही.