वाघमारे बाई आणि पटावरची एक जादा मुलगी

वाघमारे बाई गेल्या.
आमची शाळा बंद पाडली म्हणून दिघ्यात ज्यांना अजून शिव्या बसतात, त्याच.

बाई मुख्याध्यापिका. मी नवखी शिक्षण सेवक, पर्मनंट व्हायचं टेन्शन डोक्यावर.

शाळा पालिकेची. मूळ गावातल्या आगऱ्यांची पोरं केव्हाच पिवळ्या बसने इंग्लिश मिडीयमला गेलेली. आमच्याकडे उरली ती परभणी-लातूरहून आलेल्या कामगारांची, कोकणातल्या बौद्ध घरांतली, एक नेपाळी वॉचमनची. बापाचं काम सुटलं की बिऱ्हाड हलायचं आणि पटावरचं एक नाव कमी व्हायचं.

मग पटपडताळणी आली. मुलं मोजणार, मोजलेल्याच्या बोटाला शाई लावणार, म्हणजे तेच मूल दोन शाळांत दाखवता येणार नाही.
ठरलेल्या आकड्याला एक जरी मूल कमी भरलं तरी शाळा बंद.

नेमकं एकच कमी पडत होतं.

रेश्मा आमच्याकडून इंग्लिश मिडीयमला गेली होती. तिचं नाव मी पटावरून काढलंच नव्हतं. सकाळी तिकडे तिची मोजणी झाली. दुपारी मी तिला घरून घेऊन आले आणि शाईवाला हात फ्रॉकच्या खिशात घालायला लावला, इथल्या शाईला दुसरा पुढे करायचा.
"हात काढायचा नाय हां!"

तपासणीला आलेल्या साहेबांनी मोजलं, शाई लावली. आकडा भरला. माझा जीव भांड्यात पडला.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "रेश्मा, खिशातला हात दाखव बाळा."

ती रडायलाच लागली. "टीचर बोलली, हात नाय काढायचा..."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मुख्याध्यापक मी आहे," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं. माझ्या नावावर लिहा."

साहेब गेल्यावर मी बाईंवर ओरडले. "एका पोरीपायी शाळा घालवलीत तुमी!"

"सहा वर्षांची आहे गं ती. तिला खोटं वागायला लावून शाळा कशी चालवू मी?"

शाळा बंद झाली. मुलं ठाणे-बेलापूर रोड ओलांडून लांबच्या शाळेत जायला लागली. काही गेलीच नाहीत, घरी बसली. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, खरं सांगते.

बाईंची चौकशी लागली. मी पर्मनंट झाले.

आज स्मशानात एक जुने सर म्हणाले, "बाईने तत्त्व सांभाळलं आणि शाळा बुडवली."
मी आजही गप्प बसले.

म्हणून इथे लिहितेय.
खोटं नाव मी ठेवलं होतं. तो हात मी लपवला होता.

कमेंटमध्ये काय बोलायचं ते मला बोला. बाईंना आता सोडा.

बाई, माझी श्रद्धांजली घ्या. माफ करा, हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं.