म्हाळसामावशीचं बोलणं मी बदललं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — पण थांबत थांबत, कारण थेट त्या वाक्यापाशी जायला मला अजून जमत नाही.

मी भवानी पेठेत वाढले. घरी तेलुगू, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी. इंग्रजी मी हट्टाने शिकले. त्या जोरावर एका संस्थेत कंत्राटी नोकरी लागली, दुभाष्याची. काम शाश्वत विकासाच्या ध्येयांचं. जगातल्या देशांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या — कुणी उपाशी राहू नये, मुली शाळेत जाव्यात, प्रत्येकाला पिण्याचं पाणी मिळावं — त्या आपल्याकडे गावात कशा उतरतात, हे आम्ही बाहेरून येणाऱ्यांना दाखवायचो. मला ते काम मनापासून आवडायचं. सोंग नव्हतं ते.

एकदा परदेशातून पाहुणे आले. त्यांच्या देशातही पाण्याची टंचाई. आपण घरोघर नळ कसे दिले, हे त्यांना शिकून जायचं होतं. आम्ही त्यांना माळावरच्या एका धनगर वस्तीत नेलं. तिथे नळ बसले होते, पण बोअर कोरडी निघाल्यामुळे पाणी कधी आलंच नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी टँकर मागवून टाकी भरून घेतली. मला ते ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले. पण मी सांगतेय ते हे नाही. टँकर तर सगळ्यांनाच ठाऊक होता.

पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी म्हाळसामावशीला विचारलं, नळ आल्यापासून काय बदललं? मावशी मेंढरं राखणारी, वस्तीतली सगळ्यांत थोरली. ती पाहुणीकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली.

"त्यास्नी सांगा बाई, ह्या नळाला आज पयल्यांदा पानी आलंय. उद्या न्हाय येनार. माजी सून पोटुशी हुती, हिरीवरनं पानी आनताना पडली. लेकरू गेलं. दुसरी बोर मारून द्या म्हनावं. लई उपकार हुतील."

यात न कळण्यासारखं काय होतं? साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी खूण केली नाही, डोळे वटारले नाहीत — तेव्हा त्यांच्यावर ढकलता येत नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "त्या सांगतात, पूर्वी विहिरीवरून पाणी आणताना त्यांची सून पडली आणि पोटातलं मूल गेलं. आता रोज दारात पाणी येतं. फार उपकार झाले."

मूल मी तसंच ठेवलं. का ठेवलं? — बाकीचं खरं वाटावं म्हणून.

पाहुण्या बाईंचे डोळे भरले. त्यांनी मावशीचे हात हातात घेतले. मावशीला वाटलं, निरोप पोचला.

"कळलं की त्यास्नी," ती मला म्हणाली. मी मान डोलावली.

पुढे ती वस्ती काम पूर्ण झालेल्यांत धरली गेली. त्या भागातली नवी बोअर दुसऱ्या गावाला मिळाली. मला संस्थेने कायम केलं.

त्यानंतर मी तिकडे गेले की मावशी चहा टाकायची आणि विचारायची, "पावन्यांनी काय कळवलं का वो?" मी म्हणायचे, अजून नाही. शेवटी एकदा तीच म्हणाली, "लांबची मानसं. इसरली आसतील. पर बाई चांगली हुती, रडली बगा माज्यासाटी."

"हो, विसरल्या असतील," मी म्हणाले. विसरल्याचा आळही मी त्या परक्या बाईवर घातला. मग वस्तीवर जाणंच टाळलं. जायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला पाठवायचे.

गेल्या महिन्यात होटगी स्टेशनवर मावशीची सून भेटली. मी ओळख दाखवली नव्हती, तिनेच दाखवली. पाण्याचं विचारलं, तर म्हणाली, "हिरीवरनंच आनतो की." मग म्हणाली, "आत्याबाई अजून तुमचं नाव काढत्यात. आमचं बोलनं तेवढं तुमीच पोचवलं म्हनत्यात."

तेव्हा सांगता आलं असतं. फलाटावर आम्ही दोघीच होतो. मी मावशीची तब्येत विचारली. गाडी आली, मी चढले.