चारशे बारा कण

त्या खोलीला खिडकी नव्हती. आकाशातली धूळ मोजायची तर इथली धूळ आत येऊन चालत नसे. बाई रोज सकाळी कपडे बदलून, केस टोपीत कोंबून आत शिरत, ते संध्याकाळीच बाहेर पडत. एकोणीस वर्षं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत.

फुग्याला बांधून वीस किलोमीटर वर पाठवलेल्या चिकट काचा त्यांच्यापुढे येत. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखायचा. काळा, वाटोळा असेल तर उल्केचा. जळताना वितळून गोल झालेला. फुटक्या काचेसारखा धारदार, तो ज्वालामुखीचा. चकचकीत पांढरी गोळी रॉकेटच्या धुरातली. बहुतेक सगळे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे. त्याहून कितीतरी बारीक असे गंधकाम्लाचे थेंब. ते यंत्र मोजायचं.

नवरा आणि लेक दुसऱ्या गावी. तिथल्या शाखेत बदली मिळावी म्हणून बाईंनी सात अर्ज केले, साहेबांनी सातही दाबून ठेवले. असा डोळा पुन्हा मिळायचा नाही, हे त्यांचं पालुपद. एकच वाट होती. दर वर्षी परीक्षा म्हणून आकडा माहीत असलेली जुनी काच मोजायला देत. शंभरात पाचाहून जास्त चुकलं की सूक्ष्मदर्शक सुटला, बदली ठरलेली.

“अगं, नापास हो की,” नवरा फोनवर म्हणाला. “मला शाळेत ते कुणी शिकवलं नव्हतं.”

यंदा बाईंनी मनावर घेतलं. काच ठेवताक्षणी त्यांनी ती ओळखली: कोपऱ्यात दोन काळे गोल एकमेकांना बिलगलेले. चारशे बारा. तरी सवयीने सगळे मोजले, चारशे बाराच भरले. मग कागदावर तीनशे चाळीस लिहिलं.

दुपारी साहेब पडल्या चेहऱ्याने आले. सुटले, असं बाईंना वाटलं.

“बाई, काच बाद झाली. बहात्तर कण झडलेत. तुमच्यामुळे कळलं.”

“काच चांगली आहे, साहेब. मी चुकले.”

“तुम्ही?” साहेब हसले. “चेष्टा पुरे.”

काच ते कचऱ्यात टाकूनच आले होते. आता परीक्षेसाठी नवी काच हवी होती. ती बाईंनीच मोजायची, त्यांचाच आकडा लिफाफ्यात बंद करायचा. पुढे कधी चूक निघालीच, तर ती काचेची.

साहेब दार लावून गेले. बाईंनी सुटलेली बट टोपीत सारली आणि नवी काच पुढे ओढली. पहिला कण काळा होता, वाटोळा. त्यांनी एकाची रेघ मारली.