माजिवड्यात गोल्फ

टॅक्सी दारात आली तरी बाबा माझ्या बॅगेला दोरी बांधत होते. बॅगेची चेन धड होती, तरी बांधत होते. सिंगापूरला एक नवं स्पोर्ट्स चॅनल सुरू झालेलं, तिथे मला नोकरी लागलेली. त्याआधी मी ठाण्यातच, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिश अँटेनाचे सुटे भाग तपासायचे.

काका म्हणाले, "लग्नाच्या वयाची मुलगी एकटी पाठवतोस?"

बाबा गाठ आवळत म्हणाले, "त्यासाठीच शिकलीय ना ती." माजिवड्याच्या हायवेला लागेपर्यंत मी मागे वळून बघत होते.

सुरुवातीला आमचं ऑफिस म्हणजे अर्धा मजला. सामन्यांच्या टेप विमानाने यायच्या. त्या लावायच्या, सिग्नल उपग्रहाकडे नीट जातोय ना ते बघायचं, हे माझं काम. बघता बघता मजले वाढले. चॅनल मलेशियात दिसू लागलं, मग तैवानमध्ये, मग भारतात. हिंदी कॉमेंट्रीसाठी वेगळ्या खोल्या झाल्या. कँटीनमध्ये कितीतरी भाषा कानावर पडायच्या. मीही भाताबरोबर सांबल, म्हणजे तिकडची मिरचीची चटणी, खायला लागले, आमटीची आठवण काढत.

माजिवड्यात केबलवाल्याने आमचं चॅनल जोडलं, तेव्हा बाबांचा फोन आला, "दिसतंय गं. स्वच्छ दिसतंय." क्रिकेट नसलं तरी ते बघायचे. फॅक्टरीतली पहिली पाळी संपवून आले की गोल्फ लावायचे. आई म्हणायची, "काठीने चेंडू मारतात आणि चालत सुटतात. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

बाबांचं उत्तर ठरलेलं. "तिकडे आपली पोर बसलीय."

तुमच्यातले जे लांब गेलेत, त्यांना तो फोन ठाऊक असेल. मला तो भर सामन्यात आला. दादा एवढंच म्हणाला, "बाबा गेले गं. जेवून बसलेले, बसल्या जागीच." शेजारच्या टेबलावरच्या हलीमाने माझे हेडफोन काढून घेतले आणि माझ्या जागी कामाला बसली. पडद्यावर खेळ चालूच होता. मी घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

नंतर एकदा आईला सिंगापूरला आणलं. कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदे. ती एकेक पडदा बघत गेली, मग हळूच म्हणाली, "आपल्याकडे जातं ते यातलं कुठलं?"

मी दाखवलं. कुठलातरी टेनिसचा सामना चालू होता. तिने त्या पडद्यासमोर खुर्ची ओढली आणि सामना संपेपर्यंत उठली नाही.

"राहतेस का माझ्याकडेच?" मी विचारलं.

"नको गं. तिकडे कुणीतरी बघायला हवं ना."

ती परत गेली. इथे माझा फ्लॅट आहे, शेजार आहे, मुलं इथलीच झालीत. तरी घर कुठे म्हणून कुणी विचारलं, की मी माजिवडा सांगते. मी इथून जे पाठवते, ते तिथे आई एकटी बसून बघत असते.