नऊ हजारांच्या वरचे सहाशे फूट

माझे वडील वायरमन. शहागडच्या आसपासच्या गावांतले विजेचे खांब चढण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला बाराखडीच्या आधी शिकवला: "डोळ्यानं बघायचं, बोटानं दाखवायचं, मंग तोंडानं म्हणायचं." ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा फ्यूज काढला की खाली उभा असलेला जोडीदार त्या रिकाम्या जागेकडे बोट करून ‘बंद’ म्हणून ओरडणार, बाबाही बोट करून ‘बंद’ म्हणणार, आणि तेव्हाच तारेला हात लागणार. आमच्या घरी आई गॅसचं बटणसुद्धा असंच बंद करायची. मैत्रिणींसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे मी विमान चालवायला शिकले तेव्हा कॉकपिटमध्येही नेमका हाच नियम निघाला. जमिनीवरच्या नियंत्रकानं उंची सांगितली की एका वैमानिकानं तो आकडा समोरच्या डायलवर लावायचा, आणि दोघांनी त्या आकड्याला बोट दाखवून तो मोठ्यानं म्हणायचा. माझं बोट आपोआप पुढे जायचं. शिकवणाऱ्यांना वाटलं, मुलगी हुशार आहे.

त्या दिवशी सकाळी आम्ही संभाजीनगरहून हैदराबादला निघालो. कॅप्टन डावीकडे, मी उजवीकडे. निवृत्तीला थोडेच महिने राहिलेला मोठा भला माणूस होता. ऑटोपायलट न लावता मी हातानं चालवते म्हटलं, तर हसून म्हणाले, "चालव. आज तुझ्याच जिल्ह्यावरून जायचंय." दिवाळी नुकतीच झाली होती. हवा इतकी स्वच्छ की डावीकडे अंबडची घरं मोजावीत, आणि उजवीकडे पुढे गोदावरी. पाऊस चांगला झालेला, त्यामुळे नदी काठोकाठ. दोन्ही काठांना उसाचा हिरवा पट्टा, पुलावर मुंगीएवढे ट्रक. या रस्त्यावर मी अनेकदा उडाले होते, पण असं स्वच्छ माझं गाव मला कधीच दिसलं नव्हतं.

आम्हाला तेरा हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी होती. मध्येच नियंत्रकानं सांगितलं, नऊ हजारांवर थांबा, समोरून एक विमान खाली येतंय, ते दहा हजारांवर थांबेल. कॅप्टननी नऊ हजार हे शब्द बरोबर उच्चारून परत सांगितले. मी हातानं चालवत होते, म्हणून डायल फिरवायचं काम त्यांचं. त्यांचा हात डायलकडे निघालासुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि म्हणाले, "यातलं तुझं गाव कुठलं गं?"

आणि त्यांचं बोट डायलकडे जायचं ते खिडकीकडे गेलं. माझंही. "ते बघा सर, पुलाच्या अलीकडं!" दोघांनी बोट दाखवलं, दोघं मोठ्यानं बोललो. फक्त आकडा सोडून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डायलवर तेराच राहिले. उंची जवळ आली की वाजणारी घंटा त्या डायलचंच ऐकते, त्यामुळे तीही गप्प. मी नदी बघत नऊ हजार ओलांडले. मग अचानक धडकेचा इशारा देणारं यंत्र बोललं, "ट्रॅफिक, ट्रॅफिक," आणि लगेच, "डिसेंड, डिसेंड." मी नाक खाली दाबलं. आम्ही सहाशे फूट वर गेलो होतो.

आणि ते दिसलं.

आधी समोर एक पांढरा ठिपका, जागचा न हलणारा. मग तो एकदम विमान झाला. आमच्या वरून, थोडं डावीकडून, ते गेलं. पोट दिसलं, पंखांवरचे खिळे दिसल्यासारखे वाटले, खिडक्यांची अख्खी रांग उन्हात एकदम पेटली. आवाज मात्र काहीच नाही. त्या प्रत्येक खिडकीमागे एक माणूस होता. कुणी चहा पीत असेल, कुणी झोपलं असेल. पापणी लवेपर्यंत सगळे मागे गेले.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. त्या क्षणी मी थक्क झाले होते. इतकं मोठं आणि इतकं सुंदर काही मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मग लक्षात आलं की एरवीसुद्धा ही माणसं रोज आमच्या डोक्यावरून जातात, एका आकड्याच्या भरवशावर. तो आकडा कुणीतरी अनोळखी माणूस लावतो, बोट दाखवतो, मोठ्यानं म्हणतो. आभाळ एवढं मोकळं दिसतं, आणि त्याला टेकू काय, तर माणसाचं बोट.

हैदराबादला उतरल्यावर आम्ही सगळं कळवलं. चौकशी होईपर्यंत दोघांचंही उड्डाण बंद झालं. दोघांनी आपापला लेखी जबाब द्यायचा होता. कॅप्टन म्हणाले, "कामाच्या गर्दीत राहून गेलं, एवढंच लिहू. गावाचं कशाला?" खोटं बोलणारा माणूस नव्हे तो, पण घाबरला होता. मीही घाबरले होते. स्वतःचं गाव बघताना चुकलेली बाई, हा शिक्का बसला तर मला कॅप्टन कोण करणार?

मी जबाबाचा कोरा कागद बॅगेत टाकून गावी आले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बोट कुठं होतं तुझं?"

"आपल्या गावाकडं."

मला वाटलं आता बरसतील. ते कितीतरी वेळ हातातल्या पकडीचं रबर नखानं खरवडत राहिले.

"तू पहिल्यांदा आपल्यावरून गेल्तीस ना," शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी नदीकाठच्या खांबावर होतो. खालून लाइन बंद. विमान दिसलं अन् मी हात वर केला. जोडीदाराला म्हणलं, ती बघ, माझी पोरगी चालली. वाऱ्यात त्याला शब्द गेलेच न्हाईत. त्याला दिसला फक्त हात."

मला कळेना. मग आठवलं. काम झालं की खांबावरचा माणूस हात वर करतो. त्याचा अर्थ, चालू कर.

"मंग?"

"त्यानं फ्यूज उचलला. पण आधी ओरडला, चालू? मी काही बोललो न्हाई, वरच बघून राह्यलो. जबाब न्हाई म्हणून तो थांबला. म्हणून आज तुझ्यापुढं बसलोय."

नऊ हजार फुटांवर जी भीती वाटली नव्हती ती आता वाटली. मी वरून गेले होते, ऐटीत, आणि खाली माझ्याचसाठी वर गेलेला एक हात माझ्या बापाला घेऊन चालला होता.

"तुम्ही सांगितलं कुणाला?"

"न्हाई. दोघांनी दाबून टाकलं. नवीन पोरं लागली कामाला, त्यांना सांगायला पाहिजे होतं. तेच खातं मला." त्यांनी पकड खाली ठेवली. "तू लिही माय. गावाचं बी लिही. बिलकुल सगळं."

मी कॅप्टनना फोन करून सांगितलं, मी गावाचंही लिहितेय. ते म्हणाले, "प्रश्न मी विचारला होता, तेही लिही. मीही तसंच लिहितो." चौकशी झाली, पुन्हा प्रशिक्षण झालं, माझी बढती लांबली. कॅप्टन निवृत्त झाले ते मात्र कॉकपिटमधूनच.

आता शहागडवरून जाताना मी आधी डायल बघते, बोट दाखवते, आकडा म्हणते. विमान त्या उंचीवर स्थिर झालं की मगच खिडकीकडे वळते.

माझ्या विमानाची वेळ बाबांना पाठ आहे. त्या वेळेला ते काम थांबवतात, खांबावरून उतरतात, जमिनीवर दोन्ही पाय टेकतात आणि मग वर बघतात. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही. पण त्या वेळी खांबावर कुणी नाही, एवढं मला ठाऊक असतं.