घराबरोबर मिळालेली कुत्री

“रेकॉर्डवर मोमोच्या मालकाचं नाव बदलायचं आहे,” मोरितासान म्हणाले. लंच अवरला एकटेच आले होते, गळ्यात कंपनीचा बॅज तसाच. मोमो बरोबर नव्हती, त्यांची मुलगी हानाही नव्हती. मी हातातलं सँडविच खाली ठेवलं.

मी जनावरांची डॉक्टर. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, इथे अमेरिकेत, ओहायोत येऊन पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या आणि इथल्याच डब्लिन नावाच्या गावात क्लिनिक टाकलं. आमच्या भागात जपानी कुटुंबं बरीच. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या त्यांना काही वर्षांसाठी पाठवतात, मग परत बोलावतात. मोरितांच्या कंपनीत तर जाणाऱ्याचं सगळं त्याच्या जागी येणाऱ्याला मिळतं: तेच भाड्याचं घर, तीच गाडी, गराजमधलं बर्फ उपसायचं फावडंसुद्धा. त्यांच्या घरात मोमोही त्यातच आली. पहिल्या कुटुंबाने तिला शेल्टरमधून आणलं, दुसऱ्याला ती घराबरोबर मिळाली. मोरिता हे तिसरे.

आधीचे तिला घेऊन का गेले नाहीत? तर जपानला कुत्रा न्यायचा असेल तर रेबीजची ब्लड टेस्ट लागते. लस दिल्यावर कुत्र्याच्या रक्तात रोगाशी लढायची पुरेशी ताकद आली की नाही, हे लॅब बघते. रिपोर्ट चांगला आला तरी रक्त घेतल्यापासून सहा महिने थांबायचं. नाहीतर तिकडे पोचल्यावर उरलेले महिने कुत्रा क्वारंटाइनच्या पिंजऱ्यात. आणि यांची बदली कळते ती जेमतेम दोन महिने आधी. त्यामुळे दोन्ही कुटुंबं तिला ठेवून गेली. दोन्ही वेळा मोमोने खाणं सोडलं, आणि दोन्ही वेळा नव्या लोकांनी तिला माझ्याकडे आणून विचारलं, “आजारी आहे का?” काय सांगणार, कपाळ?

तिसऱ्यांदा मला ते नको होतं. मोरितांच्या हानाला इथे आल्यावर वर्षभर शाळेत तोंड उघडता येत नव्हतं. ती पहिलं इंग्लिश बोलली ती मोमोशी. म्हणून मीच मोरितांच्या मागे लागले, बदलीची वाट बघू नका, टेस्ट आत्ता करा. त्यांनी केली. रिपोर्ट उत्तम आला, सहा महिने उलटून गेले आणि मग बदलीची ऑर्डर आली. पहिल्यांदाच सगळं वेळेत जमलं होतं. मी खूश होते.

“नाव का बदलायचं?” मी विचारलं. “मोमो तुमच्याबरोबर जातेय ना?”

“माझ्या जागी येणाऱ्यांना दोन मुलं आहेत. साहेबांनी त्यांना फोनवर सांगितलं की घरात कुत्रा आहे.”

“मग साहेबांना सांगा, कुत्रा आम्ही नेतोय.”

“त्यांनी आधीच सांगून टाकलंय, डॉक्टर.”

मी काहीतरी बालिश बोलल्यासारखे ते हसले. माझं डोकं सणकलं. पण बोलणार कुठल्या तोंडाने? माझ्याच नवऱ्याने सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचं तिकीट कॅन्सल केलं होतं, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणून. मॅनेजरकडे सुट्टी मागूनसुद्धा बघितली नव्हती.

“हानाला काय सांगितलंत?”

“मोमो टेस्टमध्ये फेल झाली, असं.” ते कमरेत वाकले. “तिने विचारलं तर प्लीज तुम्हीही तेच सांगा.”

“मी सांगणार नाही,” मी म्हटलं.

जाण्याआधी हाना वडिलांबरोबर मोमोला घेऊन आली. एक्झाम टेबलाला टेकून उभी राहिली आणि सरळ मलाच विचारलं, “डॉक्टर, डिड शी रिअली फेल?”

“नाही,” मी तिला सांगितलं. “शी पास्ड. व्हेरी वेल.”

मला वाटलं ती रडेल, बापाशी भांडेल. मला ते हवं होतं. तिने वडिलांकडे पाहिलं, बराच वेळ. मग मोमोचा पट्टा त्यांच्या हातात दिला, मला “थँक यू” म्हणाली आणि अगदी त्यांच्यासारखी कमरेत वाकली. मोठी माणसं वाकतात तशी.

नवं कुटुंब आलं. बाईंना कुत्र्याची ॲलर्जी, मोमोला गोंजारलं की दंडापर्यंत पुरळ उठतं. मोमो आता गराजमध्ये झोपते. “दुसरं घर शोधू या का तिच्यासाठी?” मी त्यांना विचारलं. बाई घाबरल्याच. म्हणाल्या, “नको नको, साहेबांनी दिली आहे.”

हे साहेब माझे क्लायंट निघाले. त्यांची एक म्हातारी मांजर आहे, तिची नखं कापायला घेऊन आले. भला माणूस, मांजरीशी लाडे लाडे बोलत होता. मला राहवलं नाही. विचारलं, “मोरितांची कुत्री तुम्ही का ठेवून घेतलीत?”

ते गोंधळले. “मी? मी फक्त फोनवर म्हटलं होतं, घरात कुत्रा आहे. ते तिला नेणार होते का? मला कुणी बोललंच नाही. सांगितलं असतं तर मी कशाला अडवलं असतं?”

मी मांजरीची उरलेली नखं कापली.

टेस्ट आधी करून घ्या, हे मी अजूनही प्रत्येक जपानी कुटुंबाला सांगते. पण त्याआधी एक प्रश्न विचारते, कुत्रा कुणाचा? मुलं लगेच हात वर करतात. मी बापाच्या उत्तराची वाट बघते.