हळदीची राणी, तिखटाची राणी

इंग्लंडच्या राजेरजवाड्यांचा इतका अभ्यास करून इतकं कमी समजलेला माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा झाला नसेल, आणि हे मी माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांबद्दल, तिच्यादेखत, पूर्ण जबाबदारीनं सांगतो. मामा ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात पंचवीस वर्षं भूल द्यायचे. त्यांची भूल आणि त्यांचा इतिहास यांचा परिणाम सारखाच, असं लीड्सला असणारी त्यांची लेक म्हणायची. फरक एवढाच की भुलीतून पेशंट शुद्धीवर येत असे. रिटायर झाले त्याच वर्षी मामी गेल्या. घर एकदम गप्प झालं. मग कुणीतरी सुचवलं म्हणून मामा शहराबाहेरच्या एका जुन्या दगडी हवेलीत दर रविवारी फुकट गाइडचं काम करायला लागले. छातीवर निळा बिल्ला, अंगात लग्नातला कोट. आठवड्याचे सहा दिवस ते त्या एका दिवसाची वाट बघत जगायचे, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

हवेलीचं आकर्षण म्हणजे शेकोटीशेजारची एक लाकडी फळी. ती सरकवली की मागं एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी अंधारी खोबण. एका राणीच्या राज्यात कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती, तेव्हा घरातले लोक आपल्या पाद्र्याला तिथं लपवायचे. आता ही राणी कुठली, हे सांगणं हेच गाइडचं मुख्य काम, आणि मामा नेमकी तीच चुकवायचे. दोघी बहिणी, थोरली कॅथलिक, धाकटी प्रोटेस्टंट, आणि बंदी घातली ती धाकटीनं. मामा हटकून थोरलीचं नाव घ्यायचे. "जावईबापू, धाकटीचं चित्र बघा हो. मोत्यांनी नुसती मढलीय. एवढी हौशी बाई पाद्र्यांच्या मागं कशाला लागेल?"

मी पडलो इतिहास घेऊन बी.ए. झालेला. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, कॉलेजची पायरी चढलेला घराण्यातला पहिला मी, त्यामुळे माझ्यादेखत कुणी इतिहास चुकवला की मला गप्प बसवत नाही. कॉव्हेंट्रीहून मी महिन्यातनं एक शनिवार मामांची शिकवणी घ्यायला जाऊ लागलो. तारखा त्यांच्या डोक्यात राहत नसत, म्हणून त्यांनीच मामींचा मिसळणाचा डबा काढला. कडेच्या सहा वाट्या म्हणजे सहा राज्यकर्ते. कॅथलिक असेल त्याच्या वाटीत हळद, प्रोटेस्टंट असेल त्याच्या वाटीत तिखट. पहिली वाटी सहा बायकांच्या राजाची. "ह्याच्यात काय घालू?" मी म्हटलं, "बायको सोडता यावी म्हणून हा पोपशी भांडला, पण पूजाअर्चा बरीचशी जुनीच ठेवली." मामांनी अर्धी हळद, अर्धं तिखट घातलं आणि चमच्यानं ढवळलं. त्याचा पोरगा तिखट. थोरली लेक हळद, धाकटी तिखट. मग स्कॉटलंडहून आलेला तिखट, आणि त्याचा तो मुंडकं उडवलेला मुलगाही तिखट, "पण बायको हळदीची केली होती ना? मग चिमूटभर टाकतोच." तासाभरानं दोघांच्याही बोटांचा आणि डोक्याचा रंग एकच झाला. खरं सांगतो, परत येताना मोटरवेवर मलाच शंका आली, की थोरली नक्की कुठली. मधली वाटी रिकामी राहिली होती. "ही कुणाची?" मी विचारलं. "बघू," मामा म्हणाले.

मामांच्या हातून आणखीही प्रकार होत. एका रविवारी त्यांनी खोबणीपुढं सगळ्या पाहुण्यांना बूट काढायला लावले. त्या दालनात तीस इंग्रज मोज्यांवर उभे, आणि एका रिटायर्ड कर्नलचा अंगठा मोज्यातनं बाहेर डोकावतोय! हवेलीच्या सेक्रेटरीबाईंनी जाब विचारला तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, आत देवाची जागा आहे." बाईंना वाटलं, मामा पाद्र्याबद्दल बोलतायत. आम्हालाही तेच वाटलं.

खरी गोष्ट वसंतातल्या साफसफाईत बाहेर आली. खोबणीच्या तळाशी बाईंना एक वाळकी, गोल, तांबडे डाग पडलेली वस्तू मिळाली. कुठल्याशा युनिव्हर्सिटीतून एक प्राध्यापक आले. त्यांनी ती भिंगाखाली धरली आणि सांगितलं, ही पूर्वेकडची सुपारी. जगाच्या सफरीवर गेलेल्या एखाद्या खलाशानं ती आणून या घराला भेट दिली असणार. तांबडा डाग बहुधा कसल्याशा शपथेचा. झालं! सुपारी काचेच्या पेटीत गेली, खाली पाटी लागली, आणि सेक्रेटरीबाई मामांना म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही भारतातले. हिची गोष्ट आता तुम्हीच सांगायची."

मामांनी त्या दिवशी फोन केला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "जावईबापू, ती सुपारी आमची आहे. आमचा कुळदेव. डाग कुंकवाचा आहे."

मी शनिवारची वाट न बघता गेलो. मामांचं मूळ घराणं गोव्याकडचं. पोर्तुगीज राजाचे लोक देवळं पाडायला लागले तेव्हा मूळपुरुषानं देवाच्या नावची सुपारी कनवटीला लावली आणि नदी ओलांडली, असं त्यांच्यात सांगत. सुपारी किडली की नवी घ्यायची, देव तोच. "मिरी न्यायला आलेले लोक हो, देव कशाला बदलत सुटले कुणास ठाऊक," मामा म्हणाले. "ही होती तोवर कुंकू हीच लावायची. मी गेल्यावर इथं ह्याला कुंकू कोण लावणार? लेकीकडं देवघर नाही. म्हटलं, ही जागा लपवण्यासाठीच बांधलेली आहे. ठेवला तिथं."

मला राहवलं नाही. बी.ए. उफाळून आलं. "मामा, ज्यांनी तुमच्या देवाला पळवून लावलं ते कॅथलिक होते. आणि त्या भोकात लपायचा तो पाद्रीही कॅथलिकच. म्हणजे तुम्ही देव ठेवलात कुणाच्या घरी?"

मामांनी डबा उघडला. हळदीकडं बघितलं, तिखटाकडं बघितलं. "म्हणजे तिकडं पळवणारे हळदीचे, आणि इकडं लपणारेही हळदीचेच?"

"हो."

"मग आपण कुणाच्या बाजूचे?"

हा प्रश्न माझ्या पेपरात कधी आलाच नव्हता. कारणं आणि परिणाम मला तोंडपाठ होते. शेवटी मामाच म्हणाले, "लपलाय ना बिचारा? मग आधी पाणी विचारावं. धर्म मागनं विचारू."

मी व्यवहाराचं बोललो. "खरं सांगितलंत तर बिल्ला जाईल. खलाशाची गोष्ट सांगून टाका, कोण बघतंय?"

"तो बघतोय की," मामा म्हणाले. "काचेतनं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम घोळक्यात उभा राहिलो. त्या दिवशी मामांनी एकही राजा चुकवला नाही. धाकटीचं नाव पहिल्यांदा बरोबर आलं, मी मनात टाळी वाजवली. मग काचेच्या पेटीपाशी ते थांबले, बूट काढले, आणि साध्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं: नदी, कनवट, मामी, कुंकू. "यात खलाशी कुणी नाही. हा मी मागच्या वर्षी इथं ठेवला. चूक माझी आहे." कुणीतरी हसलं. एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसले. सेक्रेटरीबाई दारात उभ्या होत्या. इंग्रज माणूस रागावला की आवाज चढत नाही, उतरतो. "थँक यू, डॉक्टर," एवढंच त्या म्हणाल्या.

आठवड्यानं पत्र आलं. कमिटी आपल्या सेवेबद्दल आभारी आहे, बिल्ला परत करावा. सोबत कापसात गुंडाळलेली सुपारी. इतकं जपून तिला आमच्यात कुणी कधी गुंडाळलं नव्हतं.

मामा रविवारी जायचे मात्र थांबले नाहीत. तिकीट काढून, तोच कोट घालून, घोळक्यात सगळ्यांच्या मागं उभे राहायचे. नवी गाइड मुलगी धाकटीचं नाव घ्यायची तेव्हा मान हलवायचे. खोबण आली की हळूच बूट काढायचे. तिनं एकदाही त्यांना टोकलं नाही.

मामा गेले तेव्हा लेकीनं तो डबा आम्हाला दिला. उघडून बघतो तर मधल्या वाटीत सुपारी, कुंकू अजून ओलसर वाटावं इतकं ताजं. कडेचे राजेराण्या हळूहळू आमच्या भाज्यांत गेले. सहा बायकांचा राजा तर एका बटाट्याच्या रश्श्यातच संपला. मधली वाटी तेवढी राहिली. "अहो, ह्याचं आपण पुढं काय करायचं?" बायको अधूनमधून विचारते. आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात बंद केलेल्या फायरप्लेसशेजारची एक फळी सैल आहे, एवढं मात्र परवा मी बघून ठेवलंय.